अकरा पंचेचाळीस, राखीव

“विषय काय लिहू, साहेब?”

वेळमास्तरांनी कानामागची पेन्सिल काढली. पुढ्यात उद्याचं पान उघडं होतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, पंधरा-पंधरा मिनिटांचे चाळीस चौकोन, आणि त्यातले एकोणचाळीस भरलेले. उरलेला एक पावणेबाराचा. तो यापुढे रोजच्या रोज आपल्यासाठी ठेवायचा, असं रस्ते आणि पूल खात्याचे मंत्री आत्ताच म्हणाले होते.

“प्रार्थना,” मंत्री जरा खालच्या आवाजात म्हणाले.

“उपस्थिती?”

“म्हणजे?”

“कोणाकोणाला बोलवायचं? मुख्य अभियंता, सचिव, की बाहेरचं शिष्टमंडळ?”

“अहो मास्तर, प्रार्थना आहे! मी एकटाच बसणार.”

“एकट्याची बैठक होत नाही साहेब. उपस्थितीच्या रकान्यात निदान दोघं लागतात.”

मंत्र्यांनी छताकडे बोट केलं. “मग त्याला धरा.”

मास्तरांनी वर पाहिलं. वरच्या मजल्यावर अर्थ खातं होतं. “त्यांना आधी लेखी कळवावं लागेल,” ते म्हणाले.

यात त्यांचा विनोद करायचा काही हेतू नव्हता. मंत्र्यांच्या भेटीगाठींची वही लिहिण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती, आणि एवढ्या काळात विनोदासाठी वेगळा चौकोन कधी निघाला नव्हता. वेळमास्तर हे नाव कुणी दिलं ते कुणालाच आठवत नव्हतं. खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. नऊ मंत्री आले आणि गेले. मास्तर, त्यांचं टेबल आणि भिंतीवरचं गोल घड्याळ तिथल्या तिथे राहिलं. आता निवृत्तीला आठ महिने होते.

त्यांच्या वहीत पाच रकाने असत. ठरलेली वेळ, विषय, उपस्थिती, प्रत्यक्ष वेळ आणि शेरा. यातल्या ‘प्रत्यक्ष वेळ’ या रकान्यावर त्यांचा भारी जीव. आत जाणारा माणूस कितीला गेला, कितीला बाहेर आला, ते घड्याळात बघून ते मिनिटासकट लिहीत. मागे एका मंत्र्यांनी, “त्या दिवशी मी दुपारभर कार्यालयात होतो असं लिहा,” म्हणून सांगितलं, तर हे म्हणाले, “नव्हतात साहेब. तुमचा डबा मीच परत पाठवला.” त्या मंत्र्यांनी पुढे चार महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. मास्तरांना ते चार महिने फार निवांत गेले.

आणखी एक शिस्त होती. पुढेमागे सरकवता येईल ते पेन्सिलीने, हलणार नाही ते पेनाने.

“पहाटे नाही का चालणार साहेब?” मास्तरांनी विचारलं. “पाच ते सात सगळं मोकळं आहे.”

“पहाटे आई झोपलेली असते.”

मग मंत्र्यांनी खुर्ची जवळ ओढून सगळं सांगितलं. आई सत्त्याऐंशी वर्षांची, गावी धाकट्या लेकीकडे. गाव चार तासांवर. रस्ता चांगला असता तर तीन, पण तो विषय त्या खोलीत कुणी काढत नसे. आई पाच महिने अंथरुणाला खिळली होती. पावणेबाराला नर्सबाई पाठीशी चार उशा लावून तिला उठवून बसवायच्या, तेही पंधराच मिनिटं. जास्त झालं की तिला गरगरायचं. डॉक्टरांनी महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांची धरली होती. आणि आईने लेकाकडे एकच गोष्ट मागितली होती.

“म्हणाली, आडव्या माणसाचं काय ऐकणार तो? बसते तेवढ्यात मी बोलून घेते. तू पण तेव्हाच बस. दोघांचं एकदम कानावर गेलं तर लक्ष देईल.” मंत्र्यांनी चष्मा पुसला. “मी बसतो म्हणालो. आठ दिवस फोनवर तिला सांगतोय, बसलो. एकही दिवस बसलो नाही. सभागृहात मी वाटेल ते सांगतो मास्तर, जीभ कधी अडखळत नाही. पण आईला सांगताना घाम फुटतो. तिला कळतं हो सगळं.”

मास्तरांनी पेन्सिल पुन्हा कानामागे ठेवली आणि पेन काढलं.

“पण ‘प्रार्थना’ लिहू नका,” मंत्री घाईने म्हणाले. “या पानाचा तक्ता होऊन चौदा प्रती निघतात, पंधरावी दुपारी वर्तमानपत्राकडे असते. रस्त्यांची दशा बघून मंत्री देवाला शरण, असं छापून येईल. अंतर्गत आढावा बैठक लिहा.”

“आढावा घेणार आहात का?”

“नाही.”

“मग नाही लिहिता येणार.”

बरीच घासाघीस झाली. ‘चिंतन’ मंत्र्यांना पोकळ वाटलं, ‘विश्रांती’ मास्तरांना खोटं वाटलं. शेवटी ‘राखीव’ या शब्दावर दोघांचं जमलं. मास्तरांनी तो पेनाने लिहिला.

सरकारी कामकाजात ‘राखीव’ इतका भडक शब्द दुसरा नाही, हे त्यांच्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

पहिले आले खासगी सचिव. मंत्र्यांच्या दाढदुखीपासून पुलाच्या खांबापर्यंत कुठलीही गोष्ट आपल्याला कळल्याशिवाय होता कामा नये, असं मानणारा हा गृहस्थ.

“मास्तर, पावणेबाराला कोण येतं?”

“कुणी नाही.”

“मग दार बंद का?”

“राखीव आहे.”

“कुणासाठी?”

“साहेबांसाठी.”

“साहेबांची वेळ साहेबांसाठीच राखीव? मला काय शेंड्या लावता काय?” सचिव तोंड फुगवून गेले. मंत्र्यांच्या दालनामागे एक छोटी खोली होती. तिच्यात एक कोच, एक वॉशबेसिन आणि उद्घाटनांत मिळालेल्या स्मृतिचिन्हांची खोकी. मंत्री तिथे जाऊन बसत. या खोलीला दुसरीकडून दार असलं पाहिजे आणि तिथून कुणीतरी बडी असामी येत असली पाहिजे, अशी सचिवांची खात्री पटली. दार नव्हतं, पण खिडकी होती. खोली तिसऱ्या मजल्यावर असूनही सचिव खाली जाऊन पावसाच्या पाण्याचा पाइप हलवून बघून आले.

मग कंत्राटदारांच्या संघटनेचा अर्ज आला, आम्हालाही राखीवमध्ये सामावून घ्यावं म्हणून. एक आमदार मास्तरांच्या टेबलावर वाकून कुजबुजले, “त्यातली पाचच मिनिटं मला द्या. मी कुठे बोलायचो नाही.” मुख्य अभियंत्यांनी तर वेगळीच युक्ती काढली. बरोबर पावणेबाराला ते काखेत फाइल मारून दारासमोर उभे राहू लागले, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की आत आपण आहोतच, आत्ताच बाहेर आलो. आठवड्याभरात असे उभे राहणारे सात जण झाले. शिपाई म्हणाला, “मास्तर, यांना बाकं टाकायची का?” त्याला दोन वर्षांची गुडघेदुखी होती आणि बाक आलं असतं तर त्यालाही टेकता आलं असतं.

आत काय चाललं होतं, ते मात्र मास्तरांच्या वहीत स्वच्छ होतं. पहिल्या दिवशी, ठरलेली वेळ अकरा पंचेचाळीस ते बारा. प्रत्यक्ष वेळ अकरा सेहेचाळीस ते अकरा पन्नास. कारण अकरा पन्नासला दारापलीकडून घोरणं ऐकू यायला लागलं होतं, आणि ते प्रार्थनेत धरायला मास्तरांचं मन घेईना.

बारा पाचला टेबलावरचा फोन वाजला.

“तू वेळ लिहितोस तोच ना?” एक बारीक, पण करडा आवाज. “मी त्याची आई. तुझा नंबर त्यानेच दिला. माझा त्याच्यावर भरवसा नाही, तुझ्यावर ठेवते. बसला का?”

मास्तर नकळत खुर्चीतून उठले. “बसले, माई. अकरा सेहेचाळीसला.”

“एक मिनिट उशीर. मग?”

मास्तरांची पंचाईत झाली. इकडे मंत्री, तिकडे मंत्र्यांची आई. पण वहीत लिहिलं होतं ते लिहिलं होतं. “अकरा पन्नासला झोप लागली.”

 पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि मास्तरांना उशिरा कळलं की माई हसताहेत.

“लहानपणी अस्साच! डोळे मिट म्हटलं की घोरायला लागायचा. कुठे बसवलंस त्याला?”

“कोचावर.”

“कोचावर कसला बसवतोस? लाकडी खुर्ची दे, हात नसलेली.”

दुसऱ्या दिवशी आत लाकडी खुर्ची गेली. त्या दिवशी नऊ मिनिटं झाली, मग मंत्र्यांचा मोबाइल वाजला. “फोन काढून घे त्याचा,” माईंचा हुकूम सुटला. तिसऱ्या दिवसापासून शिपाई चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभा राहू लागला आणि राज्यभरचे रस्ते ज्याच्या सहीने होत तो माणूस आपले दोन्ही फोन मुकाट्याने ट्रेमध्ये ठेवून आत जाऊ लागला. बाराव्या दिवशी पहिल्यांदा पुरती पंधरा मिनिटं भरली. मास्तरांनी हे माईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “आज मलाही जरा बरं वाटलं बघ,” आणि मास्तरांना स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

त्यांचं हे सुख कचेरीला बघवलं नाही. ज्या कक्षाचं काम बैठकांच्या इतिवृत्तांचा पाठपुरावा करणं, त्या कक्षाकडून लाल शाईतलं पत्र आलं. ‘राखीव या विषयावरील सलग चौदा बैठकांची इतिवृत्तं अप्राप्त. तीन दिवसांत सादर करावीत, अन्यथा या बैठका तक्त्यातून वगळण्यात येतील.’ खाली खासगी सचिवांची सही.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. चौकोन गेला तर माई तिकडे एकट्या बसतील, हे एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं. त्यांनी दोन दिवस विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी एकच इतिवृत्त लिहून त्याच्या चौदा प्रती काढल्या.

‘एक. बैठक झाली. दोन. सर्व विषयांवर मनापासून विचार झाला. तीन. निर्णय आपल्या अखत्यारीत नाही. चार. पुढील बैठक उद्या, याच वेळी.’

कक्षाने पोच दिली. इतकं नीटनेटकं इतिवृत्त त्यांच्याकडे बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं, म्हणे.

एव्हाना माईंचे फोन लांबू लागले होते. मुलाचा हिशेब मिनिटभरात संपायचा, मग त्या मास्तरांकडे वळायच्या. मुलं किती, घर केवढं, डब्यात काय.

“बायको काय करते तुझी?”

“घरीच असते. डोळ्यांना त्रास आहे तिच्या. धुरकट दिसतं.”

“डॉक्टर काय म्हणाला?”

“अजून नाही दाखवलं. मी वेळ काढतो म्हणालोय.”

“कधी म्हणालास?”

मास्तरांनी वही जवळ ओढली. वहीच्या समासात, अगदी कडेला, त्यांनी पेन्सिलीने ‘डोळे’ असं लिहिलं होतं. चार महिन्यांत ते चार वेळा खोडून पुढच्या पानावर नेलं होतं. कागद त्या जागी पातळ झाला होता. बायको आता विचारायचीही नाही. सकाळी डबा हातात देताना ती त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता शर्टाच्या बटणाकडे बघायची, कारण पांढरं बटण तेवढं तिला नीट दिसायचं.

तेविसाव्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी बातमी आली की एका पुलाचा कठडा नदीत पडला. इजा कुणालाच नव्हती, पण अभियंते पोचायच्या आत कॅमेरे पोचले होते. धावपळ उडाली. मंत्री कोट चढवत बाहेर आले आणि मास्तरांच्या टेबलापाशी थबकले.

“मास्तर, आजचं...”

“पुढे ढकलू? साडेबाराला अर्धा चौकोन निघेल.”

“साडेबाराला ती आडवी झालेली असेल हो.”

“साहेब, गाडी!” खासगी सचिव जिन्यातून ओरडले.

“तुम्ही बघा काहीतरी,” मंत्री म्हणाले. चेहरा इतका कानकोंडा झाला होता की बैठकीला आलेले लोक खाली बघायला लागले. मग ते गेले.

मास्तर घड्याळाकडे बघत बसले. अकरा अडतीस. तिकडे नर्सबाई उशा रचत असतील. काय करायचं? त्यांना एकतीस वर्षांत एकच कामकाज ठाऊक होतं. मोठा गैरहजर असला की धाकटा त्याच्या जागी बसतो, आणि सही करताना वर ‘करिता’ लिहितो. सगळं राज्य या एका शब्दावर चालतं. इथे कुणाला बसवावं? उपमंत्र्यांना सांगावं तर ते विषयपत्रिका मागतील. सचिवांना सांगावं तर टिप्पणी मागतील. विषयाची माहिती असलेला माणूस पूर्ण खात्यात एकच उरत होता.

अकरा चव्वेचाळीसला वेळमास्तर उठले, खिशातला बटणांचा जुना फोन काढून शिपायाच्या ट्रेमध्ये ठेवला.

“मास्तर, तुम्ही?”

“करिता,” मास्तर म्हणाले आणि आत गेले.

बाहेर उभ्या असलेल्या सात जणांनी हे पाहिलं आणि त्यांचे डोळे खाडकन उघडले. म्हणजे हा! हा टेबलावरचा माणूस! खातं हा चालवतो होय! दुसऱ्या दिवसापासून मुख्य अभियंता मास्तरांना वाकून नमस्कार करायला लागले, तो पुढचा भाग.

आत मास्तर लाकडी खुर्चीवर बसले. शाळा सुटल्यापासून त्यांनी प्रार्थना केली नव्हती. सुरुवात कशी करतात तेही आठवेना. त्यांनी घसा खाकरला.

“साहेब पुलावर गेलेत,” ते म्हणाले. “त्यांच्या वतीने मी आहे.”

कुणी हरकत घेतली नाही. मग त्यांनी माईंच्या तब्येतीसाठी सांगितलं. त्यात दोन मिनिटं गेली. उरलेली तेरा मिनिटं समोर उभी राहिली. मास्तरांनी डोळे मिटले, आणि मिटल्याबरोबर एक छत्री दिसली.

काळी, लाकडी मुठीची. एक म्हातारे गृहस्थ ती घेऊन यायचे. त्यांच्या वाडीपुढे ओढा होता, त्यावर पायी जाण्यापुरता साकव हवा होता, पोरं ओढ्यातून शाळेत जायची म्हणून. सात वर्षं आले. मास्तरांनी त्यांना अकरा वेळा वेळ दिली, पेन्सिलीने, आणि अकराही वेळा आयत्या वेळी काहीतरी निघालं. अकरा वेळा त्यांनी शेऱ्यात ‘भेट झाली नाही’ असं सुबक अक्षरात लिहिलं. मग ते गृहस्थ यायचे थांबले. का थांबले, ते मास्तरांनी कधी विचारलं नव्हतं. शेऱ्याला तशी जागाच नव्हती. त्यांच्यामागून आणखी चेहरे आले. ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलेले, पायऱ्यांवर डबा खाऊन संध्याकाळपर्यंत बसलेले. इतक्या लोकांचं आपल्याला आठवतंय, याचंच त्यांना नवल वाटलं. सगळ्यांत शेवटी बायको आली आणि त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत उभी राहिली. मास्तरांना रडू आलं. कचेरीत रडायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते नीट जमलंही नाही.

बाहेर आले तेव्हा बारा वाजून दोन मिनिटं झाली होती. त्यांनी वहीत तसंच लिहिलं. बारा पाचला फोन वाजला.

“बसला?”

‘बसले’ म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. म्हातारीला समाधान, मंत्र्यांची सुटका. मास्तरांनी वहीकडे पाहिलं.

“नाही माई. पुलाचा कठडा पडला, साहेबांना जावं लागलं. जाताना फार वाईट वाटत होतं त्यांना. त्यांच्याकरिता मी बसलो. अकरा पंचेचाळीस ते बारा दोन.”

“त्याच्याकरिता तू?”

“हो. नियमात बसतं.”

माई अशा हसायला लागल्या की मागून नर्सबाई ‘हळू, हळू’ म्हणताना ऐकू आल्या. “अरे, देवाने चालवून घेतलं का?”

“हरकत आलेली नाही अजून.”

“मग काय मागितलंस?”

“तुमची तब्येत.”

“ते तर माझा पोरगा रोज मागतो. तुझं काय?”

मास्तरांनी छत्रीचं सांगितलं. बटणाचंही सांगितलं. एवढं सलग ते फोनवर आयुष्यात बोलले नव्हते.

“छत्रीचं माझ्या पोराच्या कानावर घाल,” माई म्हणाल्या. आवाज दमला होता. “आणि तिला डॉक्टरकडे ने.”

“वेळ काढतो, माई.”

“मेल्या, काढतोस कुठून? सगळ्यांचा तुझ्याच वहीत आहे ना?”

मास्तरांनी जुन्या गठ्ठ्यातून साकवाचा अर्ज हुडकून मंत्र्यांपुढे ठेवला. “सात वर्षं?” मंत्री म्हणाले, आणि तिथल्या तिथे सही केली. डोळ्यांचा डॉक्टर मात्र पुढच्या सोमवारवर गेला. पेन्सिलीने.

एक्केचाळिसाव्या दिवशी, अकरा वाजून तीस मिनिटांनी, खासगी सचिवांच्या मोबाइलवर फोन आला. ते ऐकत राहिले आणि मग त्यांनी मास्तरांच्या टेबलाचा आधार घेतला. माई सकाळी साडेदहाला गेल्या होत्या. शांतपणे, झोपेत.

सचिव वाईट माणूस नव्हते. त्यांनीच आत जाऊन मंत्र्यांना सांगितलं, त्यांनीच गाडी लावायला पाठवली. मग बाहेर येऊन त्यांनी लाल पेनाने दिवसाचा तक्ता ओळीने रद्द करायला घेतला. साडेअकराचं शिष्टमंडळ गेलं. पेन पावणेबाराच्या चौकोनावर आलं तेव्हा मास्तरांनी त्यावर हात ठेवला.

“ते राहू द्या.”

“अहो, काय बोलताय? आई गेली त्यांची!”

तेवढ्यात मंत्री बाहेर आले. कोट घातला होता, एक बाही दुमडलेली तशीच.

“किती वाजले, मास्तर?”

“अकरा चव्वेचाळीस.”

मंत्र्यांनी आपणहून दोन्ही फोन काढले. शिपायाकडे ट्रे नव्हता, तेव्हा त्याच्या हातातच ठेवले, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. सचिवांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मास्तर दारासमोर जाऊन उभे राहिले.

“बैठक चालू आहे,” ते म्हणाले.

दाराशी रोजचे सात जण होते. काय झालंय ते त्यांना कळलं होतं. पावणेबाराला आत काय असतं, तेही बहुधा आत्ताच कळलं असावं. मुख्य अभियंत्यांनी काखेतली फाइल खाली धरली. कुणी तिथून हललं नाही.

बारा पाचला टेबलावरचा फोन वाजला.

 दोनदा, तीनदा घंटी झाली. त्यांनी रिसीव्हर उचलला.

“मी त्यांची धाकटी बहीण.” आवाज रडून बसलेला. “आईने काल बजावून ठेवलं होतं. म्हणाली, मी असो नसो, बारा वाजून पाच मिनिटांनी त्या वेळवाल्याला फोन करायचा. चुकायचं नाही. म्हणून...” तिला पुढे बोलवेना. “दादा बसला का हो?”

“बसलेत, ताई,” मास्तर म्हणाले. “पंचेचाळीसला बसले. अजून उठलेले नाहीत.”

मंत्री बारा वीसला बाहेर आले. मास्तरांनी न विचारता सांगितलं, “पस्तीस मिनिटं झाली, साहेब.” मंत्र्यांनी मान हलवली, मास्तरांचा दंड क्षणभर घट्ट धरला आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशीचं पान कोरं होतं. मंत्री गावाकडे, बैठका रद्द, दाराशी कुणी नाही. मास्तरांनी एकच ओळ लिहिली. अकरा पंचेचाळीस, राखीव. उपस्थितीत ‘मा. मंत्र्यांकरिता’ असं लिहून पुढे आपलं पगारपत्रकावरचं नाव घातलं. शिपायाच्या हातात फोन दिला, आत जाऊन बसले, बाराला बाहेर येऊन प्रत्यक्ष वेळ लिहिली.

मग सवयीने टेबलावरच्या फोनकडे बघत बसले. बारा पाच झाले. सहा झाले. फोन वाजला नाही.

मास्तरांनी रिसीव्हर उचलला आणि घरचा नंबर फिरवला. एकतीस वर्षांत कचेरीतून त्यांनी घरी फोन केला नव्हता.

“काय झालं?” बायको घाबरूनच म्हणाली. “बरे आहात ना?”

“बरा आहे. पंधरा मिनिटं बसलो होतो आत. साहेबांकरिता.” ते थांबले. “कुणालातरी सांगावं लागतं ते.”

पलीकडे नळ वाहत होता, तो तिने बंद केला.

“आणि उद्या सकाळी नऊला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय,” मास्तर म्हणाले. “वहीत लिहिलंय मी.”

 नवऱ्याची वही तिला लग्नापासून ठाऊक होती.

“कशाने लिहिलंत?” तिने विचारलं.

“पेनाने,” मास्तर म्हणाले.